जवळच्या नोकरीला गाडी कोणती : पेट्रोलची की डिझेलची?



उसाचे बिल खात्यावर जमा झाले की घरोघरी बेत सुरू होतात. कुणाला ठिबक करायचे असते, कुणाला विहिरीतला गाळ काढायचा असतो, कुणाच्या घरी कार्य असते. अलीकडे या यादीत आणखी एक बाब शिरली आहे. ती म्हणजे नोकरीवर असलेल्या मुलाला किंवा मुलीला गाडी. ही गाडी मिरवायची नसते, रोज उठून कामावर जायची असते. पुढचे हप्ते पगारातून जातात हे खरे, पण सुरुवातीला भरायची रक्कम बहुतेक ठिकाणी बापाच्या उसाची असते. एका खोडव्याचे पैसे एका सहीत जातात. म्हणून हा विषय पत्रिकेत घ्यावा असे आम्ही ठरवले.

आपल्या भागातली बरीच मुले घाट उतरून रायगड जिल्ह्याच्या किनारपट्टीवर नोकरीला गेली आहेत. अलिबाग हे जिल्ह्याचे ठिकाण. तिथे कलेक्टर कचेरी आहे, जिल्हा परिषद आहे, दवाखाने आहेत, आणि आसपासच्या गावांतून शाळा आहेत. अलिबागच्या उत्तरेला थळला 'आरसीएफ'चा मोठा खत कारखाना आहे. आपण उसाला टाकतो तो उज्ज्वला युरिया तिथे तयार होतो. वडखळजवळ डोलवीला आणि रेवदंड्याच्या खाडीपलीकडे साळावला पोलादाचे कारखाने आहेत, नागोठण्याला पेट्रोकेमिकलचा आहे. मुलूख भाताचा, नारळी-पोफळीचा आणि पांढऱ्या कांद्याचा. तिथे ऊस नाही, पण उसाच्या पैशावर शिकलेली मुले मात्र भरपूर आहेत.

या मुलांच्या जाण्या-येण्याची अंतरे एकदा डोळ्यांसमोर आणा. कुरूळच्या वसाहतीतून थळ, अलिबागहून चोंढी किंवा नागाव, पेणहून डोलवी, रेवदंड्याहून पूल ओलांडून साळाव. सगळा मामला पाच ते पंधरा किलोमीटरचा. सकाळी एकदा गाडी चालू करायची, दहा-वीस मिनिटांत बंद करायची. ती दिवसभर उन्हात नाहीतर पावसात उभी. संध्याकाळी तेच. आमच्या मते पेट्रोल की डिझेल या प्रश्नाचे उत्तर या दहा-वीस मिनिटांतच आहे.

घरोघरी होणारा वाद

समजा, आपल्यातल्याच एका सभासदाची मुलगी अलिबाग तालुक्यात शिक्षिका आहे. दिवाळीच्या सुट्टीत ती घरी येते आणि गाडीचा विषय निघतो.

आप्पा म्हणतात, "डिझेलच घे. आपला ट्रॅक्टर बघ, एवढी वर्षं झाली, कधी कुरकुर केली नाही. डिझेल स्वस्त आणि आवरेज जास्त. आणखी काय पाहिजे?"

मुलगी म्हणते, "आप्पा, माझी शाळा खोलीपासून सहा किलोमीटरवर आहे."

"मग? सहा किलोमीटरला काय डिझेल चालत नाही व्हय?"

गाडी चालते, त्यात वाद नाही. आप्पांचे म्हणणे काही हवेतले नाही, त्यामागे पन्नास वर्षांचा अनुभव आहे. प्रश्न एवढाच, की तो अनुभव कुठल्या इंजिनाचा आणि कुठल्या कामाचा.

डिझेलचे नाव कसे झाले

जर्मनीत रूडॉल्फ डिझेल यांनी १८९७ साली आपले इंजिन चालवून दाखवले. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी टाकून तेल पेटवतात. डिझेलच्या इंजिनात हवा इतकी दाबतात की ती दाबानेच तापते, आणि त्या तापलेल्या हवेत तेल आपोआप पेटते. त्यामुळे तेवढ्याच तेलात काम जास्त होते आणि ओढायची ताकद मोठी मिळते.

आपल्याकडे हे इंजिन आधी विहिरीवर आले. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ साली निघाली, आणि पुढे गावात वीज पोचायच्या आधी कित्येक मळ्यांना या इंजिनांनीच पाणी पाजले. नंतर ट्रॅक्टर आले, ट्रक आले. उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या चढाला ओढायच्या तर डिझेलशिवाय गत्यंतर नाही. हे सगळे काम तासन्‌तास, भाराखाली आणि इंजिन पुरते तापलेले असताना व्हायचे. डिझेलची कीर्ती झाली ती या कामावर.

मोटारीत डिझेल सर्वसामान्यांच्या हाती आले ते मुख्यतः १९९८ च्या अखेरीस आलेल्या टाटांच्या इंडिकापासून. त्यात दराचे मोठे आकर्षण होते. डिझेलचा दर सरकार बांधून ठेवीत असे. पेट्रोलचा दर २०१० साली मोकळा झाला, डिझेलचा तसाच राहिला. त्यामुळे २०१२ च्या सुमारास लिटरमागे वीस ते तीस रुपयांचा फरक पडला होता. त्या काळात ज्याने डिझेल गाडी घेतली त्याने व्यवहार बघितला, यात शंका नाही.

पण ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचा दरही मोकळा झाला आणि फरक आटला. पुढे १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ हे धुराचे कडक नियम लागू झाले. छोट्या डिझेल गाड्या या नियमांत बसवणे महाग पडू लागले. मारुतीने त्याच वेळी डिझेल गाड्या बनवणे थांबवले आणि बाकीच्या कंपन्यांच्याही छोट्या डिझेल गाड्या मोजक्याच उरल्या. आप्पांच्या अनुभवातली डिझेल गाडी आणि आज शोरूममध्ये उभी असलेली डिझेल गाडी यांचे नाव एक, पण पोटातली यंत्रणा फार बदललेली आहे.

कारखाना दोन तास चालवून बंद केला तर?

हे समजायला आपल्या कारखान्याकडेच बघू. बॉयलर पेटवला की लगेच वाफ मिळत नाही. दाब यावा लागतो, मग मिल फिरते, मग रस तापतो, मग कुठे पॅनला साखर दिसते. एकदा चक्र बसले की रात्रंदिवस सुरळीत चालते. पण 'नो केन' झाले, गव्हाण रिकामी पडली आणि मिल थांबली, की नुकसान किती होते हे जुन्या सभासदांना सांगायला नको. आता कल्पना करा की कारखाना रोज सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तासच चालवायचा. बगॅस जळेल, माणसे राबतील, आणि साखरेच्या नावाने शंख.

गाडीच्या इंजिनाचेही असेच आहे. आतले पाणी नव्वद अंशांच्या आसपास तापले की इंजिन अंगात आले म्हणायचे. इंजिन ऑइल तापायला त्याहून जास्त वेळ लागतो. थंड इंजिन तेल जास्त पिते, त्याची झीज जास्त होते. जळताना तयार होणारी पाण्याची वाफ सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये थंड होऊन साचते. पेट्रोलचे इंजिन त्या मानाने लवकर तापते. डिझेलचे इंजिन काटकसरी असल्यामुळे उष्णता कमी वाया घालवते, म्हणून तेच उशिरा तापते. पाच-सहा किलोमीटरच्या शाळेला ते धड तापतही नाही, तोवर फाटक येते.

जुन्या डिझेल गाडीत हे कसेबसे निभावून जायचे. नव्या गाडीत निभावत नाही. त्याचे कारण पुढे आहे.

धुराची गाळणी आणि तिचे दुखणे

बीएस-६ नियमांमुळे डिझेल गाडीच्या धुराच्या वाटेवर एक गाळणी बसवलेली असते. गॅरेजवाले तिला 'डीपीएफ' म्हणतात. धुरातली काळी काजळी ही गाळणी अडवून धरते. म्हणूनच आजची डिझेल गाडी मागून काळा धूर सोडत नाही. गोष्ट चांगली आहे. मागून सायकलवर जाणारी शाळेची पोरे त्या धुरातून सुटली.

पण अडवलेली काजळी जाणार कुठे? ठिबकचा फिल्टर आपण बॅकवॉश करतो. नाही केला तर पाण्याचा दाब पडतो आणि शेवटच्या ओळी कोरड्या राहतात. गाडीच्या या गाळणीचा बॅकवॉश पाण्याने होत नाही, उष्णतेने होतो. आतली काजळी जाळून टाकायला साधारण सहाशे अंशांच्या घरात तापमान लागते. गाडी हमरस्त्यावर अर्धा तास एका वेगाने धावली की हे आपसूक होते. तशी धावली नाही तर काही शे किलोमीटर झाले की गाडी स्वतःच थोडे जादा डिझेल आत सोडून गाळणी तापवायला घेते. त्यालाही दहा-वीस मिनिटांची अखंड धाव लागते.

आता आपली शिक्षिका गाडी शाळेच्या फाटकात आणून बंद करते. नेमका तेव्हाच आतला जाळ पेटलेला असतो, तो अर्धवट राहतो. संध्याकाळी पुन्हा तेच, उद्या पुन्हा तेच. काजळी साठत जाते. आधी डॅशबोर्डवर दिवा लागतो. दुर्लक्ष केले तर गाडीची ताकद कमी होते. मग वर्कशॉपमध्ये नेऊन यंत्र लावून गाळणी साफ करावी लागते. त्यानेही भागले नाही तर गाळणीच बदलावी लागते, आणि तो आकडा ऐकून चांगला माणूस खुर्चीवर बसतो.

दुसरे दुखणे जास्त छुपे आहे. गाळणी तापवायला सोडलेले जादा डिझेल सगळे जळत नाही. त्यातले थोडे सिलिंडरच्या कडेने खाली उतरते आणि इंजिन ऑइलमध्ये मिसळते. जाळ पुन्हा पुन्हा अर्धवट राहिला की ऑइल पातळ होत जाते. ऑइल तपासायच्या पट्टीवर पातळी वाढलेली दिसली तर 'बरं झालं, गाडी ऑइल खात नाही' असे समजून समाधान मानू नये. ते ऑइल वाढलेले नसून त्यात डिझेल उतरलेले असते. तशीच गाडी चालवत राहिलो तर इंजिन आतून झिजते.

यावर काही जण 'गाळणीच काढून टाका, कटकट नको' असा सल्ला देतात. तो ऐकू नये. गाडीच्या मूळ रचनेत असा फेरफार कायद्यात बसत नाही, वॉरंटी जाते, आणि तो काळा धूर पुन्हा आपल्याच पोरांच्या नाकात जातो.

डिझेल वापरणाऱ्यांना आणखी एक सूचना. बऱ्याच नव्या डिझेल गाड्यांना एक वेगळे द्रावणही भरावे लागते. त्याला 'डीईएफ' म्हणतात. त्यात शुद्ध पाणी आणि ३२.५ टक्के युरिया असतो. 'युरिया तर आपल्या घरात पोत्याने आहे' असे म्हणून कुणी पोत्यातला युरिया पाण्यात कालवून त्या टाकीत घालू नये. शेतीच्या युरियाला निंबोळी तेल लावलेले असते, आणि त्या यंत्रणेला लागणारी शुद्धता त्यात नसते. यंत्रणा बंद पडते आणि दुरुस्ती भारी पडते. शिवाय शेतीसाठी अनुदानाने मिळालेले खत दुसऱ्या कामाला वापरणे हा गुन्हा आहे.

रो-रो बोटीने काय बदलले

काही सभासद म्हणतील, 'मुलगा महिन्यातून दोनदा मुंबईला जातो, तेव्हा गाळणी साफ होईल की.' पूर्वी तसे झालेही असते. अलिबागहून कार्ले खिंड, वडखळ, पेण, पनवेल करत मुंबई गाठायची म्हणजे जवळजवळ शंभर किलोमीटरची धाव होती. पण मार्च २०२० मध्ये मांडवा ते भाऊचा धक्का अशी मोटारी वाहून नेणारी रो-रो बोट सुरू झाली. आता अलिबागहून वीस किलोमीटरवर मांडवा, तिथे गाडी बोटीत, आणि तासाभरात मुंबई. माणसाची सोय झाली, डिझेल वाचले. पण जी लांब धाव गाडीची तब्येत सुधारायची, ती धावच गेली. बोटीत गाडी बंद, आणि मुंबईत उतरली की सिग्नलमागून सिग्नल.

तिथल्या रस्त्याचाही विचार हवा. अलिबाग-वडखळ रस्ता अरुंद, शनिवार-रविवारी पर्यटकांच्या गाड्यांनी भरलेला. वीस मिनिटे एका वेगाने गाडी पळवायची म्हटली तरी जागा शोधावी लागते.

पैशाचा हिशेब

आता वहीवर आकडे मांडू. खालचे दर आणि आवरेज हे हिशेबाच्या सोयीसाठी धरलेले आहेत. आपल्या पंपावरचा दर आणि आपल्या पसंतीच्या गाडीचे आवरेज घालून प्रत्येकाने हिशेब पुन्हा करावा.

जाऊन-येऊन २० किलोमीटर, महिन्याला २५ दिवस, म्हणजे महिन्याला ५०० आणि वर्षाला ६,००० किलोमीटर. सणासुदीला गावी यायचे आणखी २,००० धरू. एकूण ८,०००.

पेट्रोल १०४ रुपये आणि आवरेज १५ धरले तर वर्षाला सुमारे ५३३ लिटर लागेल, खर्च ५५,५०० च्या आसपास. डिझेल ९१ रुपये आणि आवरेज १९ धरले तर ४२१ लिटर लागेल, खर्च ३८,३०० च्या आसपास. वर्षाला वाचले सुमारे १७,२०० रुपये. इथपर्यंत आप्पांचा जय.

आता दुसरी बाजू. त्याच गाडीचा डिझेलचा नमुना घ्यायला कर धरून दीड लाख जादा लागतात असे समजू. महाराष्ट्रात डिझेल गाडीला एकरकमी वाहन करही पेट्रोलपेक्षा दोन टक्के जास्त पडतो, हे ध्यानात असू द्या. दीड लाख भागिले १७,२०० म्हणजे पावणेनऊ वर्षे झाली. एवढी वर्षे नुसता जादा भरलेला पैसा परत यायला लागणार. ते दीड लाख जर ९ टक्क्यांच्या कर्जातले असतील तर पहिल्या वर्षी त्यावर व्याजच बारा-तेरा हजार जाते. हातात राहतात चार-पाच हजार. गाळणीसाठी एकदा वर्कशॉपची वारी झाली की तेही गेले.

हाच हिशेब वर्षाला २५,००० किलोमीटर फिरणाऱ्याचा केला तर? पेट्रोलचा खर्च १,७३,३०० आणि डिझेलचा १,१९,७००. वर्षाला ५३,६०० वाचतात आणि दीड लाख तीन वर्षांच्या आत वसूल होतात. शिवाय त्याची गाडी लांब पळते, गाळणी साफ राहते. त्याला डिझेलच योग्य. म्हणजे डिझेल वाईट आणि पेट्रोल चांगले असे आमचे म्हणणे नाही. काम बघून बैल निवडावा तसे हे आहे.

मात्र वर्षाच्या एकूण किलोमीटरवर थांबू नये. दोन माणसे वर्षाला सारखीच १२,००० किलोमीटर गाडी चालवतात असे समजा. एक जण दर शनिवारी घाट चढून गावी येतो, एरवी गाडी उभी असते. दुसरा रोज तीन-चार वेळा पाच-सात किलोमीटर जातो. पंपावर दोघांचा खर्च सारखा दिसेल, पण पहिल्याची डिझेल गाडी ठणठणीत राहील आणि दुसऱ्याची खंगेल. म्हणून प्रश्न असा विचारावा : एकदा चावी फिरवली की गाडी सलग किती किलोमीटर चालते?

आणि आपले इथेनॉल?

ऊस उत्पादकाच्या मनात आणखी एक विचार येणे साहजिक आहे. पेट्रोलमध्ये आपल्या उसाचे इथेनॉल असते. २००१ साली मिरज, मनमाड आणि उत्तर प्रदेशात बरेली इथे त्याची चाचणी झाली. २००३ पासून महाराष्ट्रासह काही राज्यांत ५ टक्के मिश्रण सुरू झाले. २०२२ मध्ये देशाने १० टक्के गाठले आणि २०२५ मध्ये २० टक्के. वरच्या उदाहरणातल्या ५३३ लिटर पेट्रोलमध्ये सुमारे १०७ लिटर इथेनॉल आले. थेट रसापासून केले तर एका टन उसाचे साधारण ७० लिटर इथेनॉल होते, म्हणजे त्या गाडीला वर्षाला दीड टन ऊस लागला. साखर काढून उरलेल्या मळीपासून केले तर हेच इथेनॉल दहा टन उसामागे मिळते.

हे ऐकून अभिमान वाटतो. तरी 'आपल्या इथेनॉलसाठी पेट्रोल गाडी घ्या' असा प्रचार आम्ही करणार नाही. सभासदाने आपल्या घरचा फायदा बघावा. आणि इथेनॉलची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. लिटरमागे त्यात पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात असा अंदाज होता की १० टक्के मिश्रणाला जुळवलेल्या जुन्या मोटारींचे आवरेज २० टक्के मिश्रणावर ६ ते ७ टक्क्यांनी घटेल, आणि २० टक्क्यांना जुळवलेल्या गाड्यांचे १ ते २ टक्क्यांनी. तेव्हा हिशेब करताना पेट्रोलचे आवरेज थोडे हात राखूनच धरा. जुनी गाडी घेत असाल तर ती एप्रिल २०२३ नंतर बनलेली आहे का हे बघा. तेव्हापासूनच्या गाड्यांचे रबर आणि नळ्या २० टक्के मिश्रणाला टिकतील अशा केलेल्या आहेत. इथेनॉल ओलावा ओढते, म्हणून कोकणच्या पावसाळ्यात अर्धी टाकी ठेवून गाडी दोन-दोन महिने उभी ठेवू नये.

खारी हवा दोघींनाही सारखी

पेट्रोल घेतली म्हणजे सगळे निर्धास्त झाले असेही नाही. जवळच्या पल्ल्याचा त्रास तिलाही होतो, फक्त कमी होतो. सायलेन्सर पुरता तापत नाही, आत पाणी साचते आणि आतून गंज चढतो. बाहेरून समुद्राची खारी हवा. दोन्हीकडून पोखरला की सायलेन्सर लवकर जातो. तेव्हा या गोष्टी पाळाव्यात :

इंजिन ऑइल किलोमीटर भरायची वाट न बघता वर्षातून एकदा तरी बदलावे. पावसाळ्यात आणि किनाऱ्यावर जाऊन आल्यावर गाडी खालून गोड्या पाण्याने धुवावी. बॅटरीची टोके पुसून त्यांना व्हॅसलिन लावावे. छोट्या फेऱ्यांत बॅटरी पुरती भरत नाही, म्हणून आठवड्यातून एकदा तरी अर्धा-पाऊण तास गाडी मोकळ्या रस्त्यावर न्यावी. रविवारी मंडळींना घेऊन मुरूडपर्यंत गेले तरी काम झाले, आणि घरातलेही खूश.

पेट्रोलमध्ये निवड असेल तर साधे, टर्बो नसलेले इंजिन या कामाला पुरेसे आहे. जवळ सीएनजीचा पंप असेल आणि रांगेत थांबायला वेळ असेल तर तोही विचार करावा. घराच्या अंगणात गाडी लावायला जागा आणि भरवशाची वीज असेल तर विजेवरची गाडी जवळच्या पल्ल्याला सोयीची आहे. तिला तापायची गरज नाही आणि धुराची गाळणीही नाही. मात्र भाड्याच्या खोलीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याने चार्जिंगची सोय आधी बघावी, गाडी नंतर. आणि शाळा तीन किलोमीटरवर असेल, वाटेवर एसटी असेल, तर गाडी घ्यायचीच का, हा प्रश्नही घरात एकदा विचारून बघायला हरकत नाही. तो पैसा ठिबकला लागेल.

डिझेल कुणी घ्यावी

जो दर आठवड्याला पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून किंवा खोपोलीहून बोरघाटाने गावी येतो, त्याने जरूर घ्यावी. ज्याचे काम पेण, रोहा, महाड असे जिल्हाभर फिरायचे आहे, त्याने घ्यावी. सात-आठ माणसे आणि सामान घेऊन नेहमी घाट चढणाऱ्याने घ्यावी. घेतल्यावर दिव्याचा अर्थ पुस्तकात वाचून ठेवावा, आणि दिवा लागल्यावर गाडी बंद न करता लांब न्यावी.

जुनी डिझेल गाडी स्वस्तात मिळते म्हणून घेणाऱ्याने दोन गोष्टी बघाव्यात. २०२० नंतरची असेल तर आधीच्या मालकाने ती कुठल्या पल्ल्याला वापरली हे विचारावे. शहरात फिरलेली कमी किलोमीटरची गाडी दिसायला नवी, पण गाळणी भरलेली असू शकते. २०२० आधीची असेल तर गाळणीची कटकट बहुधा नसते, पण नोंदणीची किती वर्षे उरली आहेत ते मोजावे. खासगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते.

पंधरा दिवसांची वही

शेवटी एक विनंती. गाडी बुक करण्याआधी मुलाला किंवा मुलीला पंधरा दिवस एक वही ठेवायला सांगा. आज स्कूटरने, एसटीने, रिक्षाने, जसे जाणे होते तसे होऊ द्या. फक्त प्रत्येक फेरी लिहून ठेवायची : कुठून निघालो, किती किलोमीटर, किती मिनिटे, मध्ये किती वेळा थांबलो. पंधरा दिवसांनी ज्या फेऱ्या वीस मिनिटांच्या आतल्या आहेत त्यांवर खूण करा. दहापैकी आठ फेऱ्यांवर खूण आली तर डिझेलचा विषय तिथेच संपला. दहापैकी आठ फेऱ्या लांबच्या निघाल्या तर आप्पांचे म्हणणे खरे. मधोमध आले तर वरचा पैशाचा हिशेब आपल्या आकड्यांनी मांडा.

शोरूममधला माणूस ही वही मागणार नाही. शेजारी मागणार नाही. ट्रॅक्टरचा दाखला सगळे देतील. पण उसाचे बिल आपण कधी फडाकडे बघून मान्य करत नाही, काट्यावरची पावती हातात घेतो. गाडीच्या बाबतीतही पावती आधी हातात असू द्या, आणि सही मग करा.

ज्या सभासदांनी असा हिशेब करून गाडी घेतली असेल, त्यांनी आपले आकडे पत्रिकेकडे कळवावेत. पुढच्या हंगामात दुसऱ्या कुणाला तरी ते उपयोगी पडतील.